न मोजलेले आकडे

समुद्राच्या पाण्याचं तापमान घ्यायची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे बादली. कॅनव्हासची, तळाला वजन असलेली, लांब दोर बांधलेली. चालत्या जहाजावरून ती पुढच्या दिशेला फेकायची. तिचं तोंड पाण्यात गेलं की दोराला असा हिसका बसतो, की सैल धरला तर बादली जाते आणि दोर मनगटाला गुंडाळलेला असेल तर माणूसही जाऊ शकतो. भरली की भराभर वर ओढायची, ऊन-वारा लागणार नाही अशा जागी ठेवायची, थर्मामीटर आत सोडून ढवळत राहायचं आणि पारा थांबला की डोळा त्याच्या पातळीत आणून वाचायचं. आधी दशांश वाचायचे, मग पूर्ण अंश, कारण हाताच्या आणि श्वासाच्या उबेनं दशांशच आधी हलतात. थर्मामीटर पाण्याबाहेर काढून वाचायचा नाही. मग वेळ, अक्षांश-रेखांश आणि तापमान, सगळं लॉगबुकात.

हे काम मी नौदलाच्या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर शिकलो. जहाजाचं नाव घेत नाही, कारण चूक जहाजाची नव्हती, शिकवणाऱ्यांचीही नव्हती. मी चुकीचं मोजलं, तेही सांगणार आहे. पण लिहायला बसलो आहे ते मी न मोजता लिहिलेल्या आकड्यांसाठी.

मी साताऱ्याचा, आजोळ सांगलीचं. शिकलो सातारच्या सैनिक स्कूलमध्ये. देशातली ती पहिली सैनिक शाळा, १९६१ सालची. तिथून खडकवासला आणि तिथून सैन्यदलात, ही वाट आमच्या आधी पुष्कळांनी मळून ठेवली होती. समुद्र मात्र मी सहलीत पाहिला होता तेवढाच. संगम माहुलीला कृष्णेत पोहायला शिकलेलो, पावसाळ्यात गढूळ पाण्यात उड्या टाकणाऱ्यांतला, त्यामुळे पाणी आपल्याला कळतं असं मनात पक्कं बसलेलं. समुद्र म्हणजे खारट आणि अफाट मोठी नदी, अशीच काहीतरी माझी कल्पना होती. सगळीकडे सारखंच पाणी, सारखंच खारट, वरून खालपर्यंत सारखंच.

हा समज पहिल्या काही दिवसांतच मोडायला हवा होता. आम्हाला सांगितलं जायचं, की अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा खारट आहे, कारण इकडे बाष्पीभवन जास्त आणि मोठ्या नद्या कमी. तिकडे गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी आणि आमची कृष्णा गोडं पाणी आणून ओततात. हे ऐकताना मी पहिल्यांदा दचकलो. कृष्णा उगवते महाबळेश्वरात. तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटर. त्या समुद्रावरून, आणि त्याच्याही पलीकडे विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडून आलेली वाफ सह्याद्रीवर कोसळते आणि तेच पाणी वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली करत जवळजवळ १४०० किलोमीटर चालत पूर्वेच्या समुद्राला मिळतं. म्हणजे लहानपणी मी ज्या पाण्यात हात मारले, ते एका समुद्राकडून दुसऱ्याकडे निघालेलं होतं. हे वहीत लिहून घेतलं आणि परीक्षेत उत्तर म्हणून वापरलं. त्यावर विचार काही केला नाही.

नौदलाकडे तीन डोलकाठ्यांची दोन प्रशिक्षण जहाजं आहेत, तरंगिणी आणि सुदर्शिनी. दोन्ही गोवा शिपयार्डात बांधलेली. एक १९९७ साली नौदलात आली, दुसरी २०१२ साली. तरंगिणीनं २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. रडार आणि उपग्रहांच्या काळात शिडं कशाला, असं लोक विचारतात. ज्यानं शिडाच्या जहाजावर एक वादळी रात्र काढली आहे, तो हा प्रश्न विचारत नाही. इंजिनाच्या जहाजावर वारा दहा अंशांनी फिरला तर फार तर लॉगबुकात एक आकडा बदलतो. इथे झोपलेल्या माणसांना उठून दोर ओढायला धावावं लागतं. लाटांची दिशा, ढगांचा रंग, हवेच्या दाबातली उतरण, हे सगळं आधी खांद्यांना आणि तळहातांना कळतं, पुस्तकात त्याचं नाव नंतर सापडतं. महासागरशास्त्र शिकायला याच्याहून चांगली जागा मला माहीत नाही. तरीही मी ते नीट शिकलो नाही.

पहिली चूक वाऱ्याची. आम्ही लक्षद्वीपहून कोचीकडे येत होतो, पावसाळ्याच्या उत्तरार्धात. वारा पश्चिमेचा, म्हणजे जवळपास पाठीमागून. डेकवर उभा राहून मी हातातल्या यंत्रानं वारा मोजला, १२ नॉट आला, तेवढाच लिहिला. सागरी प्रतवारीप्रमाणे चार क्रमांकाचा वारा. पण जहाज स्वतः आठ नॉटनं त्याच दिशेला पळत होतं. डेकवर लागतो तो खऱ्या वाऱ्यातून जहाजाची चाल वजा होऊन उरलेला वारा. खरा वारा होता २०, म्हणजे पाच क्रमांक. नेमकी उलट गोष्ट वाऱ्याच्या तोंडावर जाताना होते, डेकवर वारा फुगून लागतो. हे मला शिकवलेलं होतं, मी सदिशांची आकृतीही काढून दाखवली होती. पण समोर आकडा दिसला की तो खराच वाटतो, विशेषतः तो यंत्रातून आला असेल तर. पाण्याकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. चारला लाटांवर बऱ्यापैकी वारंवार फेस दिसतो. पाचला मध्यम आकाराच्या लांबट लाटा होतात आणि पांढरे तुरे सगळीकडे फुटतात. त्या रात्री चांदणं होतं, सगळा समुद्र पांढऱ्या तुऱ्यांचा होता आणि मी यंत्राच्या पडद्याकडे पाहत होतो.

दुसरी चूक बादलीची. बादली वर ओढली की मी ती तिथेच वाऱ्यात ठेवायचो, आधी दोर गुंडाळायचो, हात पुसायचो, मग थर्मामीटर. कॅनव्हास भिजलेला असतो. वारा लागला की त्यातून पाणी उडून जातं आणि आतलं पाणी थंड होतं. मातीच्या माठाचं तत्त्व, दुसरं काही नाही. दोन-चार मिनिटांत तापमान काही दशांशांनी उतरतं. मला वाटायचं, समुद्राच्या हिशेबात दोन-तीन दशांशांनी काय होतं? त्यावेळी मला ठाऊक नव्हतं, की हवामानशास्त्रातला एक फार मोठा वाद याच दोन-तीन दशांशांचा आहे.

तो सांगण्यासारखा आहे. समुद्राच्या तापमानाच्या जुन्या नोंदी प्रामुख्यानं जहाजांवरच्या आहेत. १८५३ साली ब्रुसेल्सला सागरी देशांची परिषद भरली आणि जहाजांनी नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात असं ठरलं. अमेरिकी नौदलातला मॅथ्यू मॉरी त्यामागे होता. तेव्हापासूनच्या लाखो बादल्या लॉगबुकांतून आपल्यापर्यंत आल्या आहेत. पुढे इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात, तिथेच थर्मामीटर बसवायची पद्धत आली. ते पाणी इंजिनाच्या खोलीतल्या उष्णतेनं थोडं जास्त गरम दिसतं. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावून बादली वाचणं म्हणजे पाणबुडीला आपली जागा दाखवणं, त्यामुळे नोंदी मुख्यतः इंजिनाकडच्या झाल्या आणि जगाचे समुद्र कागदावर एकाएकी तापले. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजांच्या बादल्या पुन्हा पाण्यात पडू लागल्या आणि १९४५ च्या सुमाराला पृथ्वीचं सरासरी तापमान कागदावर ०.३ अंशानं एकदम घसरलं. ही घसरण बव्हंशी मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे, हे २००८ साली संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. बादली कॅनव्हासची की लाकडाची, वारा किती, पाणी किती वेळ डेकवर राहिलं असेल, याचं गणित मांडून शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षांच्या नोंदी दुरुस्त केल्या आहेत.

हे वाचलं तेव्हा माझ्या वाऱ्यातल्या बादलीबद्दल मला थोडा धीर आला. माझ्यासारखे हजारो खलाशी तेच करत आले होते आणि सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकलेली होती म्हणून ती शोधता आली. चुकीचं पण खरोखर मोजलेलं असेल, तर त्यातून वाट निघते. पण त्याच वाचनानं तिसरी गोष्ट अधिकच टोचू लागली.

त्याच सफरीतली रात्र. बारा ते चारचा वॉच. दर तासाला पाण्याचं तापमान, वारा, दाब, ढग, लाटा. बारा वाजता मी बादली टाकली, २८.४ आलं, लिहिलं. त्यानंतर जहाज चांगलंच डोलायला लागलं, माझं पोट ढवळलं, दोनदा कठड्याशी जाऊन आलो. एकचा ठोका झाला तेव्हा मी पाठ टेकून बसलो होतो. उठायची ताकद नव्हती असं म्हणता येणार नाही. होती. बादली कठड्याला बांधलेली, चार पावलांवर. मी लॉगबुक उघडलं आणि एकच्या रकान्यात २८.४ लिहिलं. दोनला २८.४. तीनला जरा शोभावं म्हणून २८.३. त्या एका दशांशाची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. आधीचे दोन आळसानं लिहिले होते, हा विचार करून लिहिला होता.

तीनच्या सुमाराला पूर्वेला दिवे दिसायला लागले. आधी दोन-चार, मग रांगच्या रांग. मासेमारीच्या नावा. ठरल्याप्रमाणे मी त्या वरच्या अधिकाऱ्याला कळवल्या, त्यांच्या दिशा नोंदवल्या, टक्कर टळेल असं पाहिलं. इतका मोठा समुद्र मोकळा पडलेला असताना एवढ्या नावा एका पट्ट्यात दाटीवाटीनं का उभ्या आहेत, हे काही माझ्या मनात आलं नाही. हवेला किंचित वेगळा, शेवाळासारखा वास येत होता. तोही आठवतो, पण तेव्हा त्याची नोंद घेतली नाही.

चारला माझ्याकडून वॉच घेणाऱ्यानं बादली टाकली. २६.२.

सकाळी नेव्हिगेटिंग ऑफिसरनं लॉगबुक समोर धरलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, एका तासात दोन अंश? त्याच्या आधी तीन तास जवळपास सरळ रेघ? समुद्र इतका आज्ञाधारक नसतो. मी गप्प उभा राहिलो. मग त्यानं विचारलं, रात्री दिवे कुठे होते? मी दिशा सांगितल्या. त्यानं त्या नकाशावर काढल्या आणि माझी रात्र मला समजावून सांगितली.

पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत वारा वायव्येकडून किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात वरच्या थरातलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे ढकललं जातं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर. त्याची जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात खोलवर साठलेली नायट्रेट आणि फॉस्फेट असतात. उजेडात आली की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यामागे तारली, बांगडे येतात, माशांमागे नावा. थंड आणि उबदार पाण्याची शिवण जिथे असते, तिथे मासे दाटतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवा रंग पाहून हीच जागा शोधते आणि मच्छीमारांना कळवते. आमचं जहाज सात-आठ नॉटनं त्या शिवणीवरून गेलं होतं. चार तासांत पन्नास-साठ किलोमीटर. दर तासाला बादली पडली असती तर कुठे सुरुवात झाली, किती तीव्रतेनं तापमान उतरलं, नावा नेमक्या कुठल्या अंशावर होत्या, हे सगळं माझ्या हस्ताक्षरात असतं. शिकण्यासारखी त्या सफरीतली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या वॉचमध्ये, माझ्या पायांखालून गेली.

त्यानं लाल शाईनं तिन्ही आकडे खोडले, शेजारी ‘निरीक्षण नाही’ असं लिहिलं, सही केली आणि माझीही घेतली. शिक्षा झाली, ती सांगण्याइतकी मोठी नव्हती. जाताना एवढंच म्हणाला, की रकाना रिकामा असता तर मी तुला आजारी समजलो असतो.

आता सांगली. नौदल सोडून मी आजोळच्या गावी स्थिरावलो. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. १९२९ सालचा आयर्विन पूल, त्याच्यापाशी कृष्णेची पातळी फुटात वाचतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. सकाळच्या पेपरात नवजा, कोयनानगर, महाबळेश्वरचा पाऊस आणि कोयनेचा साठा टीएमसीत. घरातल्या आजीलाही माहीत असतं की कोयना १०५ टीएमसीची. आकड्यांवर इतकं बारीक लक्ष ठेवणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. इथे एक फूट म्हणजे अमुक गल्ली, दोन फूट म्हणजे तमुक चौक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर चढत असताना गावभागातल्या मामांचा फोन आला. नौदलातला भाचा म्हणून माझ्या शब्दाला त्या घरात वजन होतं. मामांनी विचारलं, आयर्विनला किती, आणि अजून किती चढेल? माझ्या मोबाइलवर एका गटात आलेला आकडा होता. कुणी वाचला, किती वाजता वाचला, काहीच माहीत नव्हतं. मी तो सांगितला. वर हेही म्हणालो, की २००५ च्या पुरात पाणी तुमच्या पायरीपर्यंतच आलं होतं, त्याच्यावर जाणार नाही, सामान माडीवर घ्या आणि थांबा. नंतर कळलं, तो आकडा आदल्या रात्रीचा होता. पाणी २००५ च्या खुणेच्या तीन-चार फूट वर गेलं, ५७ फुटांच्या पुढे. मामा-मामींना दुसऱ्या दिवशी बोटीतून काढावं लागलं. माणसं वाचली. तळघरातला मामांचा चाळीस वर्षांचा हिशेब, पोथ्या, मामींच्या माहेरची जुनी शिलाई मशीन, सगळं गेलं. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मामी एकदाच म्हणाल्या, “माहीत नाही म्हणाला असतास, तर आम्ही त्याच दिवशी निघालो असतो.”

लाल शाई मिळूनही मी तेच केलं होतं. माझ्या तोंडून गेलेला आकडा मी मोजलेला नव्हता, कुणी मोजला हे विचारलं नव्हतं, आणि त्याला माझ्या वर्दीचं वजन जोडून दिलं होतं.

त्या पुरानंतर मी पुन्हा समुद्राची पुस्तकं काढली. त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिमेचं पाणी पूर्वेपेक्षा बरंच जास्त उबदार झालं होतं. याला शास्त्रज्ञ द्विध्रुव म्हणतात. १९९९ साली ही घडण नीट ओळखली गेली, ती ओळखणाऱ्यांत भारतीय संशोधक होते. सांगलीचा पूर एवढ्या एका कारणावर लावणं बरोबर नाही. धरणांचे विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं, काही दिवसांत ओतलेला पाऊस, सगळं त्यात आहे. पण हा द्विध्रुव सापडला तो पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या पाण्यातला अंशा-दोन अंशांचा फरक कित्येक वर्षांच्या नोंदींतून वाचून. त्या नोंदींत जहाजांवरच्या बादल्याही आहेत. अरबी समुद्रात रात्री दोन वाजता कुणीतरी दोर ओढतो, त्याचा धागा महाबळेश्वरच्या पावसापर्यंत आणि आयर्विनच्या फुटांपर्यंत जातो, हे मला पन्नाशीत कळलं.

आता मी सांगली-मिरजेच्या शाळांतून बोलायला जातो. मुलांना आवडते ती तारिणीची गोष्ट. नौदलातल्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून त्या छोट्या शिडाच्या नौकेवर निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २०२५ च्या मे अखेरीस परत आल्या. वाटेत त्या पॉइंट नेमोजवळून गेल्या. सगळ्यात जवळची जमीन तिथून सुमारे २७०० किलोमीटरवर. तिथलं पाणी त्यांनी बाटल्यांत भरून घेतलं, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेसाठी. मुलं विचारतात, नुसतं पाणीच ना? मी सांगतो, बाटलीवर जागा आणि वेळ लिहिलेली नसेल तर नुसतं खारट पाणीच. थंडीत, डोलत्या नौकेवर, दोनच माणसं असताना ते लेबल लिहिणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे, कारण त्याच्याहून कितीतरी सोप्या रात्री मी ते केलेलं नाही.

मुलांना मी लाल शाईची रात्र सांगतो. जे सांगत नाही, ते इथे लिहितो. खोडले गेले ते तीन आकडे त्या सफरीतले माझे एकमेव खोटे आकडे नव्हते. त्याच्या आधी, लक्षद्वीपला पोहोचायच्या आदल्या रात्री, मी दोन रकाने तसेच भरले होते. तेव्हा समुद्रानं दगा दिला नाही, पुढचा आकडा जुळता आला, म्हणून कुणाला संशय आला नाही. नेव्हिगेटिंग ऑफिसर समोर उभा असताना ते सांगायची संधी होती. सही करून मी निघून गेलो. ती पानं पुढे कुठल्या नोंदवहीत उतरली, कुठल्या सरासरीत मिसळली, मी कधी विचारलं नाही. कवरत्तीच्या पश्चिमेला, पहाटे दोन आणि तीन वाजताचे, दोन्हीकडे २८.६ लिहिलेलं आहे. ते मी मोजलेले नाहीत.